एचआयव्ही आहे, गोळ्या चालू आहेत, तर हार्टसाठी सीआरपी, डी-डायमर (शरीराच्या आतली सूज आणि रक्ताची गुठळी यांचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासण्या) करून घ्यावं का?

तुमचं वय ४६, व्हायरल लोड (रक्तातला विषाणू) सापडत नाही, तरी हार्टची धास्ती आहे असं लिहिलंय. वाचून आमचा अण्णा डोळ्यांसमोर आला.

आम्ही निपाणीचे. अण्णा तंबाखूच्या वखारीत कामाला. आठ वर्षं त्याची एआरटीची, म्हणजे एचआयव्हीच्या औषधाची, गोळी एकदाही चुकली नव्हती. कुणीतरी सांगितलं म्हणून खासगी लॅबमध्ये सीआरपी केलं, ते वाढलेलं आलं. त्या आठवड्यात त्याची दाढ सुजून पू झाला होता, सीआरपी तेवढ्यानंही चढतं. पण हे सांगणारं कुणी नव्हतं. दाजींनी कागद पाहिला आणि म्हणाले, "ह्या गोळ्याच रक्त नासवतात. थोडे दिवस बंद कर." मी भांडलो, पण धाकट्याचं कोण ऐकतंय? साडेतीन महिन्यांनी पहाटे अण्णाच्या छातीत कळ आली. मिरजेला नेला, वाचला. आता जिना चढताना धापतो, वखार सुटली.

दाजी अजून गोळ्यांनाच दोष देतात. साफ चूक. २००६ च्या स्मार्ट नावाच्या एचआयव्ही औषध-चाचणीत जवळजवळ साडेपाच हजार लोक होते. गोळ्या थांबवणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले, हृदय-किडनी-यकृताचे मोठे आजारही जास्त निघाले. आयएल-६ (सूज दाखवणारा रक्तातला घटक) आणि डी-डायमर तर त्यांच्यात महिन्याभरातच वाढले होते. सूज वाढवतो तो मोकळा सुटलेला विषाणू.

गोळ्या चालू असल्या तरी थोडी सूज राहते आणि हार्टचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे खरं. पण सीआरपी, डी-डायमरवरून एकट्या माणसाचं औषध ठरत नाही. तो पैसा लिपिड (कोलेस्टेरॉल) आणि शुगरला लावा, बीपी मोजा, तंबाखू-बिडी असेल तर आजच सोडा. आणि स्टॅटिनचं, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचं, डॉक्टरांना विचारा. २०२३ च्या रिप्रीव्ह नावाच्या चाचणीत ४० ते ७५ वयाचे, एचआयव्ही असलेले ७,७६९ लोक होते, आपल्या देशातलेही. रोज ४ मिलिग्रॅम पिटाव्हास्टॅटिननं हार्ट अटॅक, पक्षाघातासारख्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या.

लोपिनाव्हिरसारख्या जुन्या गोळ्यांनी कोलेस्टेरॉल वाढायचं, तेवढं दाजींचं खरं. पण त्यावर उपाय गोळी बदलणं, तेही एआरटी सेंटरच्या डॉक्टरांनी. स्टॅटिनही आपल्या मनानं घेऊ नका, काही एआरटी औषधांशी काही स्टॅटिनचं जमत नाही. छातीत कळ आली तर मात्र ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) त्याच घटकेला. आणि रिपोर्ट आला की आधी डॉक्टरांना दाखवा, घरातल्या वडीलधाऱ्यांना नंतर.