वडील रात्री जोरात घोरतात आणि दिवसा दुकानात गल्ल्यावर पेंगतात. नुसता थकवा आहे का?

मला तरी नुसता थकवा वाटत नाही. आज रात्री जरा कान देऊन ऐका: घोरणं मध्येच थांबून 10-15 सेकंद शांतता, मग गुदमरल्यासारखा श्वास घेतात का? तसं असेल तर स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. फोनवर व्हिडिओ काढून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, ते स्लीप स्टडी (झोपेत श्वास कसा चालतो याची तपासणी) सांगतील. त्यात तासाला श्वासाचे 5 पेक्षा कमी अडथळे ठीक, 30 आणि त्यापुढे गंभीर. मग बहुधा सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) लागतं. तोवर कुशीवर झोपू द्या. इंदूरच्या सराफा बाजारातली मध्यरात्रीची गराडू (तळलेला कंद) आणि जलेबी बंद (इंदूरकराला हे सांगणं म्हणजे पापच!). आपल्या मनाने झोपेची गोळी मात्र देऊ नका, आणि अशी पेंग येत असताना जवळच्या देवासपर्यंतसुद्धा गाडी चालवू देऊ नका.