रेडिएशनमुळे सिरॅमिकमधून उष्णता कमी का वाहते?

तुमचे प्रश्न दोन आहेत: रेडिएशननं सिरॅमिकची उष्णतावाहकता का घटते, आणि अणुभट्टीचं इंधनच सिरॅमिक असेल तर ते वितळत कसं नाही. मी नांदेडला बीएस्सीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो, त्यामुळे पहिल्यावर जरा रेंगाळणार.

धातूत उष्णता मुख्यतः मोकळे इलेक्ट्रॉन नेतात. सिरॅमिकमध्ये ते जवळपास नसतातच. सगळी भिस्त अणूंच्या जाळीतून जाणाऱ्या कंपनांवर, म्हणजे फोनॉनवर. वेगवान न्यूट्रॉन आदळला की अणू जागेवरून उडतो, मागं रिकामी जागा राहते आणि तो भलतीकडेच घुसून बसतो. पाटात ढेकळं पडल्यावर पाणी अडखळावं, तशी कंपनं या दोषांवर विखुरतात. (दवाखान्यातल्या एक्स-रेनं खोलीच्या फरशीला असलं काही होत नाही, ती काळजी सोडा.) अतिशुद्ध सिलिकॉन कार्बाइडची वाहकता साध्या तापमानाला 300 वॅट प्रति मीटर-केल्विनच्या घरात असते, न्यूट्रॉनच्या माऱ्यानंतर ती काही दहांवर येते.

पोरं इथं वाहकतेतून थेट वजाबाकी करतात. तसं नाही. वाहकतेचा व्यस्त (1 भागिले वाहकता) घ्या, म्हणजे रोध. बेरीज त्याची होते. इंधनाच्या गोळ्या ज्या सिरॅमिकच्या असतात, त्या युरेनियम डायऑक्साइडची वाहकता साध्या तापमानाला साधारण 8, तर 1000 अंश सेल्सिअसला 2.5 धरा. रोध झाले 0.125 आणि 0.4. दोषांमुळे दोन्हीकडे 0.1 वाढला असं माना. थंड गोळीची वाहकता 4.4 वर येते, जवळजवळ निम्मी. तापलेल्या गोळीची मात्र 2.5 वरून 2, म्हणजे थोडीच घटते. तापलेल्या जाळीत कंपनं आधीच एकमेकांवर आपटत असतात, तिथं दोषांची भर कमी जाणवते. शिवाय जास्त तापमानाला निसटलेले अणू हलून रिकाम्या जागा भरतात, म्हणजे बरंचसं नुकसान आपोआप भरून निघतं.

आता इंधन. त्याच्या गोळ्या आपल्याकडे हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये बनतात. युरेनियम डायऑक्साइड वितळायला सुमारे 2800 अंश लागतात, आणि वाहकता घटणार हे धरूनच भट्टीची शक्ती ठरवलेली असते. मात्र विखंडनातून (युरेनियमचे अणू फुटून) तयार झालेली, जाळीत मुरलेली मूलद्रव्यं तापवून जात नाहीत, त्यामुळे त्यांनी वाढवलेला रोध तसाच राहतो. वर विखंडनातूनच निघालेला झेनॉन वायू गोळी आणि ती ज्या धातूच्या नळीत असते त्या नळीमधल्या फटीत साचतो. तिथं आधी भरलेल्या हेलियमपेक्षा तो उष्णता फारच कमी वाहतो, त्यामुळे गोळी आणखी तापते.