रांग, राइड आणि खरेदी : थीम पार्कला जाणाऱ्या जोडप्यांचे प्रश्न

लग्नसराई आटोपली की या सदराकडे फिरण्याची पत्रे वाढतात. या वेळची बहुतेक पत्रे खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कबद्दल आहेत, एकेक शिर्डी आणि सिंगापूरबद्दल. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : नुकतंच लग्न झालं आहे. जानेवारीत दोघं इमॅजिकाला जाणार आहोत. मित्र घाबरवतात की एकेका राइडला दीड तास उभं राहावं लागतं आणि पैसे वाया जातात. वेगळे पैसे भरून रांग वाचवणारा एक्सप्रेस पास घ्यावा का? (वाचक, अमळनेर)

आधी वार ठरवा, पासचं नंतर. मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार मिळत असेल तर पास बहुधा लागणार नाही. शनिवार-रविवार किंवा २६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टी असेल तर पास घेऊनही गर्दी चुकत नाही. जानेवारीत शाळांच्या सहली असतात. त्यांच्या बस सहसा सकाळी उशिरा पोहोचतात आणि अंधार पडायच्या आत परततात. म्हणजे पहिला दीड तास आणि संध्याकाळ तुमची.

त्या पहिल्या दीड तासाचं बहुतेक जण वाटोळं करतात. आत शिरल्या शिरल्या फोटो, मग चहा, मग दिसेल त्या पहिल्या राइडच्या रांगेत. तुम्ही थेट नायट्रोकडे चालू लागा. हा उलटा-पालटा करणारा, रुळांवरून धावणारा मोठा कोस्टर पार्कचं मुख्य आकर्षण आहे, त्यामुळे त्याचीच रांग आधी फुगते. तिथून निघालात की अंधारातला डीप स्पेस, मग स्क्रीम मशीन. आय फॉर इंडिया, मिस्टर इंडिया यांसारखे बसून पाहायचे खेळ दुपारसाठी ठेवा. तिथे एका वेळी पुष्कळ माणसं आत जातात आणि डोक्यावर छप्पर असतं. राजासॉरसच्या बोटीत कपडे भिजतात, म्हणून ती एक-दोनच्या उन्हात करा. जानेवारीत सूर्य कलल्यावर ओल्या जीन्समध्ये हुडहुडी भरते.

आता रांगेचं गणित. फलकावर लिहिलेल्या मिनिटांवर पूर्ण विसंबू नका, स्वतः मोजा. समजा कोस्टरच्या गाडीत २८ जागा आहेत आणि दर २ मिनिटांनी गाडी सुटते. म्हणजे मिनिटाला १४ माणसं. तुमच्यापुढे २८० जण असतील तर २० मिनिटं. पण गर्दी कमी म्हणून दोनऐवजी एकच गाडी चालवत असतील, तर गाडी ४ मिनिटांनी सुटते आणि तेवढ्याच रांगेला ४० मिनिटं लागतात. म्हणून रांगेत घुसण्यापूर्वी दोन मिनिटं खाली उभं राहून रुळावर गाड्या किती फिरताहेत ते बघा. बाहेरून छोटी दिसणारी रांग आत चार वळणं घेते, हेही ध्यानात असू द्या.

रांग सरकत नाही याला आणखी एक कारण असतं. एक्सप्रेसवाले दुसऱ्या दाराने येतात आणि त्याच गाडीत बसतात. निम्म्या जागा त्यांना गेल्या की साध्या रांगेचा वेग निम्म्यावर येतो. त्यामुळे पासचा निर्णय असा घ्या : सुट्टीचा दिवस आहे, तुमच्याकडे एकच दिवस आहे आणि तीन-चार मोठ्या राइड करायच्याच आहेत, तर घ्या. नाहीतर तेवढ्या पैशात जेवण होतं. खिडकीवर एक प्रश्न जरूर विचारा : हा पास प्रत्येक राइडला एकदाच चालतो की कितीही वेळा?

दोघेच असण्याचा एक फायदा आहे. कोस्टरच्या एका ओळीत बहुधा चार जागा असतात. दोघांचा एक गट बसला की दोन जागा उरतात आणि तिघांचा गट पुढे उभा असेल तर तो तिथे मावत नाही. कर्मचारी मोठ्याने 'दोन कोण?' विचारतो तेव्हा हात वर करा आणि बेधडक पुढे व्हा. त्या क्षणी मोबाइलमध्ये डोकं घातलेलं असेल तर मागचे जोडपे जाते.

प्रश्न : लग्नाला महिना झाला. हातात हिरवा चुडा आहे, गळ्यात मंगळसूत्र, पायात जोडवी. सासूबाई म्हणतात काही काढायचं नाही. राइडमध्ये आणि वॉटर पार्कमध्ये काय करू? (वाचिका, चोपडा)

आमची सुवर्णनगरी जळगाव इतकी जवळ असल्यावर हा प्रश्न येणारच! सासूबाईंचं मन राखता येईल, पण काचेच्या बांगड्यांबाबत हट्ट नको. कोस्टरमध्ये खांद्यावरून खाली येणारा दांडा छातीवर घट्ट बसतो आणि हातांनी त्याला धरावं लागतं. झटका बसला की बांगडी दांड्यावर आपटते, फुटते आणि मनगटात घुसते. त्या दिवसापुरता चुडा काढून एक-दोन हिरव्या लाखेच्या बांगड्या घाला. त्या मनगटापासून वर सरकवून लांब बाहीच्या कुर्त्याने झाका.

मंगळसूत्र लांब, वाटीचं असेल तर घरीच ठेवा. छोटं, गळ्यालगतचं असेल तर कुर्त्याच्या आत घाला. मणी दांड्याखाली दाबले गेले तर वळ उठतो, बाहेर राहिलं तर तुटून उडू शकतं. खाली रूळ असतात, काही ठिकाणी जाळी. तिथे पडलेला दागिना राइड बंद केल्याशिवाय शोधता येत नाही आणि शोधला तरी मिळेलच असं नाही. ओढणी, स्कार्फ, मोकळे सोडलेले लांब केस यांचंही तेच. वेणी घाला किंवा अंबाडा, पण अंबाड्यात पिना नकोत, डोकं मागच्या टेकूवर आपटलं की त्या टोचतात. पायात मागे पट्टा असलेलीच चप्पल किंवा बूट. साध्या चपला कर्मचारी फलाटावर काढायला लावतात आणि मग त्या ढिगातून शोधत बसावं लागतं.

वॉटर पार्कमध्ये नियम वेगळे असतात. नायलॉन किंवा लायक्राचा पोशाख मागतात, तो तिथे भाड्याने मिळतो, पण आपला घेऊन गेलेला बरा. सुती कपड्याला मनाई असते, कारण सूत पाणी शोषून जड होतं, त्याचे धागे आणि रंग पाण्यात उतरून गाळणीत अडकतात. धातूची चेन, बटण, टिकल्या असलेला कपडाही चालत नाही. घसरगुंडीच्या फायबरवर त्याचे ओरखडे पडतात आणि मग तेच ओरखडे मागच्या माणसाच्या पाठीला लागतात. क्लोरीनच्या पाण्याने चांदीची जोडवी काळी पडतात आणि मोत्यांची चकाकी जाते. सोनं-चांदी लॉकरमध्ये ठेवण्यापेक्षा मुळात घरी ठेवा.

गरोदर असण्याची जराशीही शक्यता असेल तर कोस्टर, उंचावरून सोडणाऱ्या राइड आणि मोठ्या घसरगुंड्या नकोच. यात तडजोड नाही.

प्रश्न : मागच्या सुट्टीत एका पार्कमध्ये ४० मिनिटं उभे राहिलो आणि आमचा नंबर आला तेव्हाच राइड बंद पडली. अशा वेळी थांबायचं की निघायचं? (वाचक, भुसावळ)

वर बघा. रिकाम्या गाड्या फिरत असतील तर ती चाचणी आहे, बहुधा थोड्याच वेळात सुरू होतं, थांबा. गाडी फलाटाच्या अलीकडे ब्रेकवर उभी असेल तर तो बिघाडच असतो असं नाही. रूळ भागांत विभागलेला असतो आणि एका भागात एका वेळी एकच गाडी जाऊ शकते. फलाटावर कोणाचा पट्टा लागेना म्हणून एक मिनिट गेलं की मागची गाडी आपोआप थांबते. हे पाच-सात मिनिटांत सुटतं. कोणी ओकलं असेल तर जागा धुवायलाही तेवढाच वेळ. पण कर्मचारी फलाटावरच्या लोकांना परत उतरवू लागले, दोरी बांधली, हातात पाने-हत्यारं घेतलेले मिस्त्री आले, तर निघा. वीज कडाडल्यावर किंवा वारा सुटल्यावर उघड्यावरच्या उंच राइड बंद करतात. तेव्हा तिथे उभं राहण्यात अर्थ नाही, छपराखालचं काहीतरी करा. निघताना पुन्हा येण्यासाठी चिठ्ठी मिळेल का, हे शांतपणे विचारा. वाद घालून काही मिळत नाही.

प्रश्न : धुळ्याहून गाडीने जावं की जळगावहून रेल्वेने?

दोघेच असाल तर रेल्वे. जळगावहून रात्रीच्या गाडीने पहाटे कल्याण, तिथून कर्जत मार्गे खोपोली लोकल, पुढे रिक्षा. खोपोलीपर्यंत जाणाऱ्या लोकल मोजक्याच असतात, वेळ बघूनच निघा, चुकली तर कर्जतला उतरून गाडी करा. स्वतःच्या गाडीने नाशिक, इगतपुरी मार्गे. २०२५ च्या जूनपासून समृद्धी महामार्ग इगतपुरीहून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत सुरू झाल्याने कसाऱ्याचा घाट चुकवता येतो. पार्कात दिवस घालवून त्याच रात्री गाडी चालवत परतण्याचा विचार मात्र सोडा. आठ-दहा तास पायांवर काढलेल्या माणसाला चाकामागे डुलकी लागते.

प्रश्न : मला राइडचं वेड, आमच्या ह्यांना मात्र मळमळतं. ते बाकावर बसून राहणार का? (वाचिका, शहादा)

मळमळीचं मूळ कानात असतं. कानाच्या आतल्या द्रवाला शरीर फिरतंय हे कळतं, डोळे मात्र समोरच्या खुर्चीवर खिळलेले असतात, आणि मेंदूचा गोंधळ होतो. म्हणून कोस्टरमध्ये डोळे मिटू नयेत, रूळ पुढे कुठे वळतोय तिकडे नजर ठेवावी. पडद्यासमोर खुर्ची हलवणाऱ्या खेळात उलट करा, गरगरलं की डोळे मिटा.

बहुतेकांना वाटतं की मोठा कोस्टर सर्वांत वाईट. तसं नसतं. सारंगखेड्याच्या यात्रेतली डोलणारी नाव आठवा, तीच जास्त पोट ढवळते, कारण तोच झोका पुन:पुन्हा येतो. कोस्टर दीड-दोन मिनिटांत संपतो. गोल गरगर फिरणाऱ्या आणि झोक्याच्या राइड टाळून त्यांना सरळ धावणाऱ्या छोट्या कोस्टरपासून सुरुवात करू द्या. मधल्या ओळीत बसवा. पुढच्या ओळीत वाऱ्याचा मारा असतो, शेवटच्या ओळीत उतारावर अंग उचललं जातं. राइडआधी तासभर जड खाणं नको, पण अगदी रिकाम्या पोटीही नको. मिसळ किंवा शेवभाजी चापून थेट नायट्रोवर जाणं म्हणजे आमंत्रण. गोळी घ्यायची असेल तर आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून घ्या, बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. आणि ते नाहीच म्हणाले तर ओढू नका.

प्रश्न : नणंदा, जावा, भाचे धरून पंधरा जणांना काहीतरी आणायचं आहे. पार्कातल्या दुकानात भाव चढे असतात. काय घ्यावं, कधी घ्यावं? (वाचिका, जळगाव)

घ्यायची वेळ दुपारी चारच्या सुमारास. बंद होण्याच्या शेवटच्या अर्ध्या तासात अख्खा पार्क बाहेरच्या दारापाशी त्या एका दुकानात कोंबला जातो, मापाचे टी-शर्ट संपतात आणि बिलाच्या रांगेत राइडइतका वेळ जातो. चारला घेतलं तर पिशवी कुठे ठेवायची हा प्रश्न येतो, म्हणून लॉकर थोडा मोठाच घ्या. एखाद्या राइडच्या नावाची वस्तू हवी असेल तर ती बहुतेक त्या राइडच्या बाहेरच्याच दुकानात असते, तिथेच घ्या. बाकी सगळा माल शेवटच्या दुकानात असतोच.

पंधरा जणांसाठी कीचेन आणि फ्रिजवर लावायचे चुंबक, एवढंच पुरे. चुंबक निवडताना मागची चकती हाताने हलवून बघा. नुसत्या डिंकाने चिकटवलेली असेल तर आपल्याकडच्या मेच्या उन्हात बंद गाडीत ती सुटून येते. चॉकलेटची गतही तीच, मनमाडच्या पुढे त्याची लापशी होते. मऊ खेळणी घडी करून बसतात, भाच्यांना तीच द्या. कॉफीचा मग घ्यायचा तर आत मोजे कोंबून टॉवेलात गुंडाळा.

पाण्याने भरलेला, हलवला की चमकी उडणारा काचेचा गोळा नव्या जोडप्यांना फार आवडतो. घेतलात तर तो खिडकीत ठेवू नका. पाणी भरलेला काचेचा गोळा भिंगासारखं काम करतो आणि ऊन एका ठिकाणी गोळा होऊन पडदा किंवा लाकूड करपू शकतं. जळगावच्या उन्हात तर नकोच.

राइडमध्ये कॅमेरा फोटो काढतो तो बाहेर पडद्यावर दिसतो. दोघांचे डोळे उघडे आहेत का, एवढं बघून मगच पैसे द्या. एकच घ्यायचा असेल तर धबधब्याच्या बोटीतला घ्या, कोस्टरवर चेहरे वाकडे येतात. छापील घेताना मोबाइलवरची प्रतही त्यातच मिळते का विचारा.

प्रश्न : शिर्डीला दर्शनासोबत साई तीर्थ हा थीम पार्क बघायचा आहे. तिथेही अशीच रांग असते का? (वाचक, चाळीसगाव)

नाही, तिथे मुख्यतः ठरावीक वेळेचे कार्यक्रम आहेत. रांग लांबीने नाही, खेळाच्या वेळेने मोजायची. आत गेल्यावर आधी वेळापत्रकाचा फोटो घ्या आणि दोन खेळांमध्ये २० मिनिटं मोकळी सोडून क्रम लावा. दर्शनाची रांग किती वेळ घेईल याचा भरवसा नसतो, म्हणून दर्शन पहाटे आणि पार्क नंतर.

प्रश्न : सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओत पॅकेजमधून जात आहोत. खरेदीवरचा कर परत मिळतो म्हणतात, ते कसं? (वाचक, पाचोरा)

पर्यटकांना मिळतो. तिथला जीएसटी २०२४ पासून ९ टक्के आहे. दुकान या योजनेत सहभागी असलं पाहिजे आणि बिल करासह किमान १०० सिंगापूर डॉलरचं हवं. एकाच दुकानाची त्याच दिवशीची तीन बिलं एकत्र करून हा आकडा गाठता येतो. म्हणून दोघांनी वेगवेगळी बिलं न करता एकाच पासपोर्टवर खरेदी करा. पैसे देण्याआधीच पासपोर्ट दाखवून सांगा, नंतर करून देत नाहीत. चांगी विमानतळावर बॅग चेक-इन करण्याआधी यंत्रावर अर्ज करायचा, कारण अधिकारी वस्तू दाखवा म्हणू शकतात. खरेदी थेट बॅगेच्या तळाशी गेली तर तिथे सगळं उपसावं लागतं, ती वरच्या थरात ठेवा. वर सांगितलेला पाण्याचा गोळा १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रवाचा असेल तर हातातल्या बॅगेत नेता येत नाही, मोठ्या बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून टाका. पॉवर बँकेचं उलट, ती हातातल्याच बॅगेत.

दुपारी वीज-पावसाने बाहेरच्या राइड थांबतात, तेव्हा मोठे कोस्टर सकाळीच उरका. एकट्याने बसणाऱ्यांची वेगळी रांग ज्या राइडला असते तिथे दोघं वेगवेगळे बसायला तयार असाल तर बराच वेळ वाचतो. पॅकेजवाल्याला मात्र आधीच विचारून घ्या की बस परत किती वाजता निघते. चार वाजता निघणारी असेल तर स्वतः परतायचं ठरवून त्यांना तसं लिहून कळवा.