पाकिटावर ‘सिबिरिका’, फूल मात्र नारिंगी

ताई, बियांच्या अदलाबदलीत ‘आयरिस सिबिरिका’ म्हणून आलेलं बी तुम्ही डोंबिवलीच्या बाल्कनीत पेरलंत, दुसऱ्या पावसाळ्यात फूल आलं ते नारिंगी, वर लाल ठिपके. हे आयरिस तरी आहे का, असं विचारलंत.

आयरिसच आहे, पण सिबिरिका नाही. तिचं फूल निळं-जांभळं. शिवाय तिला खरा हिवाळा लागतो, आणि आपल्याकडे जानेवारीत जेमतेम पंखा बंद होतो.

तुमचं झाड आयरिस डोमेस्टिका वाटतं. जुन्या पुस्तकांत बेलामकांडा चायनेन्सिस सापडेल; डीएनए तपासून 2005 मध्ये त्याला आयरिसमध्ये घेतलं. लोकांना ते पटत नाही, कारण नेहमीच्या आयरिसच्या तीन पाकळ्या खाली झुकलेल्या आणि तीन वर उभ्या असतात. इथे सहाही जवळपास सारख्या, सपाट उघडलेल्या.

नुसतं उमललेलं फूल बघून थांबू नका, कोमेजलेलंही बघा. फूल एका दिवसाचं, आणि सुकताना पिळलेल्या फडक्यासारखं वळतं. पुढे बोंड तडकून टरफलं मागे वळली की काळ्या चकचकीत बियांचा घोस दिसतो, थेट तुतीच. तो दिसला की शंका संपली.

मात्र त्याच पाकिटातल्या दुसऱ्या रोपाला जांभळं किंवा गुलाबी फूल आलं तर तो आयरिस डायकोटोमाशी झालेला संकर असू शकतो. (डायकोटोमाचं फूल दुपारनंतर उमलतं.) बागेतलं बी मधमाश्यांच्या मर्जीचं! अशा रोपाला ‘संकर’ एवढंच लिहा.

फुलाआधी ओळखणं कठीण. पंख्यासारखी पानं वेखंडालाही असतात. पान चुरगळून वास घ्या, वेखंड लपत नाही. पिवळ्या आयरिसचं ‘स्यूडॅकोरस’ हे नावच मुळी ‘खोटा वेखंड’ अशा अर्थाचं. नर्सरीत ‘वॉकिंग आयरिस’ म्हणून मिळते ती निओमारिका, प्रजातीच वेगळी. तिच्या फुलाच्या दांड्यावरच पिल्लू फुटतं.

मी एकदा तीन पाकिटं एकाच ट्रेमध्ये पेरली होती. जुलैच्या पावसात मार्करची अक्षरं धुऊन गेली आणि दोन वर्षं कोण कुठलं कळेना. तेव्हापासून पट्टीवर पेन्सिलनेच लिहितो.

बोंड तडकलं की फोटो पाठवा. चार बिया माझ्यासाठीही ठेवा, फक्त पाकिटावर सिबिरिका लिहू नका.