दीड वर्षाचं बाळ दत्तक घेतोय. आधीचे सगळे महिने संस्थेत गेले, त्याचा परिणाम कायम राहील का?

परिणाम होतो, पण कायमचा राहतोच असं नाही. या वयात मूल सावरायला भरपूर वाव असतो. मी दत्तक मुलीची आई आहे. आमची लेक आली तेव्हा साधारण तुमच्या बाळाएवढीच होती, आता शाळेत जाते.

या विषयावरचा सर्वांत भक्कम अभ्यास रोमानियातला आहे. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली आणि पुढे सरकारी अनाथालयं मुलांनी भरून गेली. २००० साली नेल्सन, फॉक्स आणि झीना या अमेरिकी संशोधकांनी राजधानी बुखारेस्टच्या संस्थांमधली १३६ लहान मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून अर्ध्या मुलांना सांभाळणारी कुटुंबं मिळवून दिली. साडेचार वर्षांची झाल्यावर घरात गेलेल्यांचा सरासरी बुद्ध्यांक ८१ भरला, संस्थेच्या गटाचा ७३. आठव्या वर्षी मेंदूतल्या विद्युत लहरी मोजल्या, तर दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्या मुलांच्या लहरी जन्मापासून घरात वाढलेल्यांसारख्या दिसल्या. दोन वर्षं ही लक्ष्मणरेषा नव्हे, पण लवकर घर मिळण्याला मोल आहे. तुमच्या बाजूने एकही कागद रेंगाळू देऊ नका.

तिथली परिस्थिती फार भीषण होती, आपल्याकडच्या चांगल्या संस्थांची तिच्याशी तुलना करणं अन्यायाचं होईल. तरी मूळ अडचण थोडीफार सगळीकडे असते. घरातलं बाळ रडलं की तेच ओळखीचं माणूस धावत येतं. असं हजारदा झालं की आपल्या रडण्याला अर्थ आहे हे बाळाच्या मनात बसतं. संस्थेतल्या मावशी कितीही मायाळू असल्या तरी कामाची पाळी संपली की घरी जातात, आणि दूध घड्याळाप्रमाणे मिळतं. मग काही बाळं रडणंच सोडून देतात.

म्हणून बाळ घरी आल्यावर दोन गोष्टी बारकाईने पाहा. आमची मुलगी पडली तरी रडत नसे, उठून खेळायला लागे. आणि कुणीही हात पुढे केले की त्याच्या कडेवर जाई. सगळे म्हणायचे, किती गुणी, किती माणसाळलेली! आम्हाला समुपदेशक ताईंनी सांगितलं की संस्थेतून आलेल्या मुलांमध्ये हे बऱ्याचदा दिसतं. आपलं माणूस कोणतं, हे अजून ठरलेलं नसतं.

त्यांच्या सांगण्यावरून आम्ही बारसं पुढे ढकललं. भरवणं, आंघोळ, झोपवणं आणि रडल्यावर उचलणं फक्त आम्ही दोघांनीच केलं. आजी-आत्यांनी शेजारी बसून खेळायचं, पण मांडीवर घ्यायचं नाही. माझ्या सासूबाईंना हे फार लागलं. तुमच्याकडेही लागेल. त्यांना आधीच नीट समजावून सांगा, आणि हे काही महिन्यांपुरतंच आहे हेही सांगा. पडल्यावर ती रडली नाही तरी मी उचलून घेत असे, ‘लागलं ना बाळाला’ म्हणत फुंकर घालत असे. बऱ्याच आठवड्यांनी एकदा ती उंबऱ्याला अडखळून पडली आणि भोकाड पसरून थेट माझ्याकडे आली. तिच्या रडण्याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता!

संस्थेतून निघताना बाळाचं वापरातलं दुपटं मागून घ्या आणि लगेच धुऊ नका, ओळखीचा वास झोपेला मदत करतो. कोणत्या मावशींकडे ते जास्त रमायचं, कसं झोपायचं, हेही विचारून ठेवा. बोलणं मागे वाटलं तर ‘येईल हळूहळू’ म्हणत थांबू नका. आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अनेक जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे वाढीची तपासणी आणि उपचार मोफत होतात.