अंबाडा सुटतो काऊन? येणीफणीचे तुमचे प्रश्न

लग्नसराई जवळ आली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत अर्धी केसांचीच असतात, अन् या वेळी तर एका बाबांचंही आलंय, ते जरा शेवटाकडे ठेवलंय. मी तालुक्याच्या गावी 14 वर्षं छोटंसं पार्लर चालवलं, आता घरूनच करते, त्यामुळे जे सांगते ते हातानं केलेलंच सांगते.

ताई, आमचं गाव दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. बोअरच्या पाण्यानं केस निरे कुटारावानी झाले. मे महिन्यात दिराचं लगन आहे, पार्लरवाली तीन दिवसाचे 4000 मागून राहिली. मी घरीच अंबाडा घालून पाहिला, आरशात मस्त दिसला, पण अर्ध्या तासात मानेवर आला. काऊन सुटतो? – एक भावजय

अगं, तू त्या दिवशी सकाळीच केस धुतले असशील! हे न विचारताच सांगते, कारण दहातल्या आठ जणी हेच करतात, कार्यक्रम म्हणून सकाळी मस्त शाम्पू करायचा, अन् मग ते सुळसुळीत केस पिनेत थांबतच नाहीत. अंबाडा घालायचा तर केस आदल्या दिवशी धुवायचे, दुसऱ्या दिवशीच्या केसाला आपोआप पकड येते.

आता पाण्याचं. पूर्णेच्या खोऱ्यातलं ते खारं पाणी, त्यातले क्षार केसावर बसतात, फेस येत नाही म्हणून आपण शाम्पू अजून ओततो, अन् केस अजून राठ होतात. केस धुवायचे त्याच पाण्यानं धू, दुसरा इलाज नाही, पण शेवटचे दोन लोटे गोड्या पाण्याचे ठेव, कॅनचं चालेल, साठवलेलं पावसाचं असलं तर सोन्याहून पिवळं. पहिल्या लोट्यात चमचाभर लिंबाचा रस टाकून केसावरून सोड, मिनिटभर थांब अन् दुसरा लोटा साधाच ओत. लिंबू लावून उन्हात केस वाळवत बसू नको. अर्धवट ओले असतानाच खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब तळहातावर चोळून फक्त टोकांना लाव, मुळाशी लावलंस तर दुसऱ्या दिवशी पिना घसरतील.

अंबाड्यासाठी एक जुना काळा मोजा घे, बोटाकडचं शिवण कापून टाक अन् बाकीची नळी गुंडाळत गुंडाळत कडं कर, बाजारात डोनट म्हणून जे विकतात ते हेच. केसांची शेपटी बांध, कापडाचं वेष्टण असलेलं रबर घे, नोटांच्या बंडलाचं पिवळं रबर नको, ते काढताना केस घेऊनच निघतं. शेपटी बांधायची कानाच्या वरच्या टोकाच्या रेषेत. तुला दिवसभर डोक्यावर पदर घ्यावा लागेल ना, मानेवरच्या अंबाड्यावरून पदर घसरत राहतो, या उंचीवर मात्र त्याला टेकायला जागा मिळते. शेपटीचं टोक त्या कड्यातून घाल, केस चारी बाजूंनी पसर अन् कडं आतल्या आत खाली गुंडाळत मुळाशी आण, उरलेलं टोक खाली दडप. हे पहिल्यांदा जमत नाही, कड्याच्या एका बाजूनं मोजा दिसतो, सोडून परत कर, तिसऱ्या वेळेला जमतं.

अन् आता पिना, खरी गोम इथंच आहे. ती जी काळी चिमट्यासारखी पिन असते तिची एक बाजू सरळ असते अन् एक नागमोडी. नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवायची! मी स्वतः कितीतरी वर्षं उलटी लावत होते, नागमोडी बाजू वर म्हणजे नक्षी असावी असं वाटायचं. पिन सरळ खुपसायची नाही, अंबाड्याच्या कडेचे थोडे केस पकड, पिनेचं तोंड बाहेरच्या बाजूला असू दे, मग पिन उलटी वळवून अंबाड्याच्या मधोमध ढकल, म्हणजे कुलूप लागल्यासारखी बसते. दुसरी पिन पहिलीवर फुलीसारखी आडवी. अशा चार फुल्या चार बाजूंना लागल्या की नाचलीस तरी हलत नाही. त्यानंतर इंग्रजी यू सारखे आकडे फक्त सुटलेल्या बटा आत घ्यायला, त्यांच्यावर वजन टाकायचं नाही. वीस पिना खुपसून डोकं दुखवून घेणाऱ्या बाया मी पाहिल्यात, अन् अंबाडा तरी लोंबतच असतो.

समोर थोडं फुगवायचं असेल तर कपाळाच्या मागच्या एका पातळ बटेला मुळाकडे उलटा कंगवा मार, दोन-तीनदाच, अन् वरून समोरचे केस गुळगुळीत ओढून घे. हळदीच्या दिवशी मात्र हे काही करू नको, साधी वेणी घाल अन् वर गुंडाळ, हळद-तेल केसात जाणारच आहे. गजरा आदल्या दिवशी आणला तर ओल्या सुती फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेव, अन् अंबाड्याला पूर्ण गोल घालण्यापेक्षा खालून अर्धा चंद्र घाल, पदराखालून तेवढाच दिसतो, फुलं पण अर्धीच लागतात.

सागरवेणी दुसऱ्याच्या डोक्यावर जमते, पण स्वतःची घालायला गेले की मागे हात भरून येतात अन् मधूनच ढिली पडते. – कारंजा (लाड)

आरसा सोडून दे! दोन आरसे लावून मागचं पाहत वेणी घालायची तर नजर एकीकडे अन् हात एकीकडे होऊन बोटं गोंधळतात, डोळे मिटून बोटांनी मोजत घाल. कोपर टेबलावर टेकव किंवा पलंगावर पालथी पडून घाल, हसू नको, मी हॉस्टेलला असताना अशीच घालायची. हात डोक्याला चिकटून ठेव, ते जितके वर उचलशील तितकी वेणी ढिली. प्रत्येक वळणाला बाजूची बट घेताना एकसारखी पातळ घे, मधेच जाड घेतली की तिथंच पोट येतं.

केस विरळ असतील तर उलटी सागरवेणी घाल. म्हणजे बाजूचा पेड मधल्या पेडाच्या वरून नाही, खालून न्यायचा, मग वेणी डोक्यावर उठून दिसते, अन् बांधून झाल्यावर शेवटाकडून सुरू करून एकेक पाकळी उलीशीक बाहेर ओढायची, तीच वेणी दीडपट जाड वाटते. आमच्या पार्लरच्या अर्ध्या नवऱ्यांचे फोटो या एका चलाखीवर निघाले. (नवऱ्या म्हणजे नवरी मुली, घरातला तो नव्हे.)

मी नववीत आहे. आमच्या शाळेचं गॅदरिंग आहे अन् मला कर्ल पाहिजे. आई मशीन आणू देत नाही. मैत्रीण म्हणते कपड्याच्या इस्त्रीनं पण होतात. माझे केस एकदम सरळ आहेत. – आर्वी तालुका

इस्त्रीचं नाव पण काढू नको बाई. तिला किती तापली ते धड समजत नाही, केस करपतो अन् करपलेला केस परत नीट होत नाही, कापावाच लागतो, वरून कान-मान भाजते ते वेगळंच. केसांच्या मशीनवर सुद्धा 180 अंशाच्या वर जायचं नाही अन् केस पूर्ण कोरडे असल्याशिवाय लावायचं नाही. पण तुला मशीनची गरजच नाही, त्यात ऐन गॅदरिंगच्या दिवशी लाइन गेली म्हणजे एक बाजू कुरळी अन् एक सरळ.

आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या किंवा ओढणीच्या चिंध्या काढ, दोन बोटं रुंद, हातभर लांब, दहा-बारा. आता हे होतं कसं ते समजून घे, म्हणजे चुकणार नाही. सुती कापडाला पाणी शिंपडून इस्त्री केली की घडी कशी बसते, केसाचं तसंच आहे, ओला झाला की आतले बारीक बारीक बंध सुटतात अन् वाळताना ज्या आकारात धरला असेल त्या आकारात परत जुळतात. म्हणजे दोन गोष्टी पाहिजेत, गुंडाळताना केस ओलसर असावा अन् सोडताना पूर्ण कोरडा. बहुतेक पोरी सकाळी आत ओलसर असतानाच सोडतात, मग शाळेत पोचेपर्यंत सगळं सरळ. गॅदरिंग थंडीत असतं, रात्रीत जाड केस वाळत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी सकाळीच केस धू, संध्याकाळी हात ओला करून फक्त दमट कर. बट घे, तिचं टोक चिंधीच्या मधोमध ठेव, टोकाकडून वर डोक्यापर्यंत गुंडाळत जा अन् चिंधीची दोन टोकं बांधून टाक. पातळ बट म्हणजे बारीक कुरळे, जाड बट म्हणजे लाटा. सकाळी सोडून कंगवा लावायचा नाही, बोटांनीच मोकळे करायचे, कंगवा लावला की झाडूच होतो.

तुझे केस सरळ म्हणजे ते लवकर पडणार, त्यासाठी जवसाचं जेल करून घे. जवस घरात असेलच, चटणीसाठी तरी असतो. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळ, सात-आठ मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट होतं, तेव्हाच गरम गरम पातळ फडक्यातून गाळ. थंड झालं की जवस सोडतच नाही, फडकं पिळून पिळून हात दुखतील (मी पहिल्यांदा आख्खं पातेलं वाया घालवलं). गुंडाळायच्या आधी प्रत्येक बटेला थोडं चोळ. उरलेलं फ्रिजमधे आठवडाभर राहतं, वास बदलला की फेक.

अजून एक, हे मोठ्यांनी पण ऐका. केस कुरळे करून कूलरसमोर बसू नका. उन्हाळ्यात आपली हवा एवढी कोरडी की कर्ल छान टिकतात, मुंबईच्या बायांना हेवा वाटावा इतके, पण लग्नघरी सगळ्या जणी तयार होऊन कूलरच्या तोंडाशी जाऊन बसतात अन् त्या दमट हवेनं वरमाला पडायच्या आत कर्ल पडतात.

कापूस वेचायला जाते, पऱ्हाटीत केस अडकतात, घामानं गुंता होतो. काय करू? – वणी

पाचपेडी वगैरे काही नको. सकाळी कोरड्या केसांची साधी तिपेडी, तिचा मानेवर सैल बुचडा, त्यावर सुती दुपट्टा. ओले केस बांधून वावरात जाऊ नका, ओला केस ताणतो अन् तुटतो. घरी आल्यावर आधी टोकं विंचरा, मग मधले, मग मुळापासून.

नमस्कार ताई. मी शेतकरी, दिग्रसकडचा. बायको सकाळी सातला कामावर जाते, त्यामुळे पोट्टीच्या दोन वेण्या माझ्याकडे आल्या. रोज एक वेणी वर, एक खाली. भांग तर नदीवानी वाकडा. पोट्टी रडते अन् शाळेत बाई हसते. – एक बाप

भाऊ, तुमचं पत्र आमच्या घरी तीनदा वाचलं. भांगापासून सुरू करू. पोरीला हनुवटी छातीला टेकवून बसवा, केसांवर पाण्याचा हलका हात फिरवा अन् शेपटीवाल्या कंगव्याचं टोक नाकाच्या रेषेत कपाळावर टेकवून न उचलता मागे मानेपर्यंत ओढा. उचलत उचलत ओढलं की नदी होते. एका बाजूचे केस रबरात अडकवून ठेवा, नाहीतर दुसऱ्या बाजूचे त्यात मिसळतात.

वर-खाली होतात कारण तुम्ही एका बाजूला उभे राहून दोन्ही वेण्या घालत असणार. बरोब्बर तिच्या मागे बसा. दोन्ही वेण्यांची सुरुवात कानाच्या पाळीच्या मागे, एक बोट अंतर सोडून, बोट लावून मोजा. वेणी जिकडे लोंबायला पाहिजे तिकडेच हात ओढत न्या, म्हणजे खाली. स्वतःकडे ओढत गुंफली की ती पाठीपासून लांब शेपटासारखी उभी राहते.

अन् तिपेडी जमेपर्यंत एक सोपं सांगते, तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं येत असेल. अंबाडीचा दोर वळता ना? तसंच. केसांचे दोनच पेड करा, दोन्ही पेड उजवीकडे पीळ देत जा अन् ते पिळलेले पेड एकमेकांवर डावीकडे गुंडाळत जा. पेडाचा पीळ अन् गुंडाळण्याचा पीळ उलट दिशेचे, म्हणून एक सुटायला गेला की दुसरा आवळतो. पिळलं त्याच दिशेला गुंडाळलं तर हात सोडताच सगळं उलगडतं, दोराचं माहीतच आहे तुम्हाला. शेवटी रबर अन् रिबन, अन् शाळेचा नियम असेल तर वेणी दुमडून मुळाशी बांधा.

रडते म्हणता, तर दोन कारणं. एक तर मुळापासून कंगवा ओढता, तो टोकापासून वर वर न्यायचा अन् गुंता आला की वरचे केस मुठीत धरून मगच सोडवायचा, मग ओढ डोक्याला लागत नाही. दुसरं, घट्ट. वेणी घातल्यावर पोरीच्या भुवया वर गेल्या, डोळे ताणल्यासारखे दिसले तर सोडून परत घाला. रोज ताण बसला तर कपाळाच्या बाजूचे केस हळूहळू विरळ होतात, लहान वयात लक्षात येत नाही. अन् बाईंना हसू द्या, पंधरा दिवसांनी त्याच विचारतील वेणी कुणी घातली म्हणून.

पन्नाशी उलटली, कपाळावरचा भांग रुंद झाला, अंबाडा सुपारीएवढा होतो. सूनबाई म्हणते गंगावन लावा. लावू का? – सिंदेवाही

लावा की, पण हलकं घ्या, अन् रोज नको. तुमचं पत्र वाचून वाटतं की चाळीस वर्षं एकाच जागी भांग अन् मागे घट्ट अंबाडा असं चाललं असेल, आता भांग अर्धा इंच बाजूला सरकवा, आतला केस बाहेर येतो, लगेच फरक दिसतो. अंबाडा सैल, खाली मानेवर. भांग झपाट्यानं रुंद होत असेल, चट्टे पडत असतील तर एकदा कातडीच्या डॉक्टरला दाखवा, रक्त कमी असलं तरी केस जातात. गंगावन सणावारालाच, वेणीत गुंफून घाला, नुसतं पिनांवर टांगू नका, नाहीतर महालक्ष्मीच्या जेवणावळीत वाढायला वाकलात अन् ते वरणात पडलं असं आमच्या नात्यात खरंच झालंय. रात्री काढून ठेवायचं, धुतलं तर सावलीत वाळवायचं.