घार काळी नसते

रंगपेटी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही चौघे मित्र रविवारी टेबलावर छोट्या रंगवलेल्या मूर्ती मांडून काल्पनिक राज्यांच्या लढाया खेळतो. माझ्या सैन्यात सहा राक्षसी गरुड आहेत. शिपाई २८ मिलिमीटर मापाचे आणि गरुडांचे पंख जवळजवळ वीतभर. पंखांना तपकिरी रंग देऊन वर काळपट वॉश सोडला, तर गरुड चिखलातून काढलेल्या कोंबडीसारखे दिसायला लागले. त्यात जुलैत गच्चीवर फवारलेलं मॅट व्हार्निश दोघांवर पांढरं पडलं. ते वाया गेले का? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : वाया काही जात नाही. आधी व्हार्निशचं बघू. जुलैत गच्चीवर फवारा मारलात, तिथंच फसलं. फवाऱ्यातला द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि थर दुधाळ होतो. त्या दोघांवर ब्रशनं ग्लॉस व्हार्निशचा एक पातळ हात द्या. बहुतेक वेळा पांढरेपणा जातो. पूर्ण वाळल्यावर चकाकी घालवायला मॅट, तेही ब्रशनंच. पावसाळ्यात मी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हातसुद्धा ब्रशनं लावते. आमच्या घरी गणपती रंगवायचे. श्रावणात रंग वाळेना की बाबा मूर्तींच्या रांगेत शंभराचे दिवे लावून ठेवायचे आणि आम्हा पोरांना विजेच्या बिलावरून बोलणी बसायची, जणू आम्हीच लावलेत.

आता पंख. वॉश म्हणजे खोलगट जागी साचणारा पातळ रंग. तुम्ही तो अख्ख्या पंखावर ओतून सोडून दिलात, म्हणून कडाही काळवंडल्या. पिसं कौलांसारखी एकावर एक चढलेली असतात. सावली पडते ती वरच्या कौलाखाली. तेव्हा मधल्या तपकिरीचा हात द्या आणि वॉश फक्त प्रत्येक रांगेच्या मुळाशी, ब्रशच्या टोकानं सोडा. जास्तीचा रंग कोरड्या ब्रशनं टिपून घ्या. खांद्याजवळच्या बारीक पिसांवर फिकट रंगाचा कोरडा ब्रश फिरवा: रंग आधी कागदावर जवळजवळ पुसून टाकायचा आणि ब्रश पिसांच्या धारेला आडवा न्यायचा. टोकाच्या लांब पिसांवर मात्र ही युक्ती लावू नका, धूळ बसल्यासारखं दिसतं. तिथं हातानं एकेक कड आणि मधली दांडी ओढायची. सहा गरुड म्हणजे बारा पंख. दोन रविवार जातील, जाऊ देत.

पण त्याआधी एक सकाळ आयर्विन पुलावर जाऊन घारी बघत उभे राहा. एरवी घार आपल्याला खालूनच दिसते, आभाळासमोर नुसती काळी आकृती. १९२९ सालच्या या पुलावरून ती कृष्णेवर आपल्या पायाखालून जाते आणि तिची पाठ दिसते. टेबलावरचा तुमचा गरुडही तुम्ही वरूनच बघणार ना? इंग्रजी पुस्तकं तिला काळी घार म्हणतात, पण काळी ती नसतेच. पाठ मातकट तपकिरी, पंखाच्या वरच्या अंगाला फिकट, वाळूसारखा तिरपा पट्टा, आणि उडायची पिसं गडद. हा पट्टा दिलात की निम्मं काम झालं. सहाही एकसारखे नकोत. सरदाराला ब्राह्मणी घारीचा साज चढवा: डोकं आणि छाती पांढरी, अंग विटकरी, पंखांची टोकं काळी. तीही पाण्याकाठचीच.

डोळ्यांची आखणी गणपतीच्या मूर्तीत सगळ्यात शेवटी करतात. इथं मी उलटं करते, म्हणजे चुकलं तरी आजूबाजूचा रंग अजून द्यायचा असतो. आधी खोबण काळी, मग पिवळा ठिपका, मग बाहुली. बाहुलीचा वरचा भाग भुवईच्या हाडाखाली झाकलेला हवा. पूर्ण गोल काढलीत की गरुड दचकलेल्या पारव्यासारखा दिसतो. मॅट हात झाल्यावर डोळ्यावर आणि चोचीवर ग्लॉसचा एकेक थेंब.

प्रश्न : मी आठवीत आहे. माझ्या पक्षीमानवांना नीलपंखासारखा निळा द्यायचाय, पण तो मेलेला दिसतो. कोणती ट्यूब घेऊ? – एक वाचक, मिरज

उत्तर : अशी ट्यूब मिळायची नाही, बाळा. नीलपंखाच्या पिसांत निळा रंगच नसतो. पिसाच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेतून उजेड विखुरतो, तो आपल्याला निळा दिसतो. आपण एवढंच करायचं, की तपकिरीवर निळा चढवायचा नाही. आधी पांढरा, त्यावर पातळ निळ्याचे दोन-तीन हात, म्हणजे खालून उजेड येतो. दुसरं, त्याच्या पंखात दोन निळे असतात, गडद आणि आकाशी, शेजारी शेजारी पट्ट्यांनी. एकामुळं दुसरा पेटतो. तारेवर पंख मिटून बसला की हाच पक्षी बराचसा तपकिरी वाटतो, म्हणून मूर्ती पंख उघडलेलीच निवड.

प्रश्न : बारीक कामाला तीन शून्यांचा ब्रश घ्यावा का? – एक वाचक, कराड

उत्तर : नको. त्यात रंग इतका थोडा मावतो, की डोळ्यापर्यंत पोचेस्तोवर वाळतो. एक नंबरचा घ्या, फक्त पाण्यात बुडवून टोक जुळतंय का ते दुकानातच बघा. बाबा टोक जिभेवर जुळवायचे. तुम्ही ओल्या बोटांवर जुळवा.